दुसरी बॅटरी टाकायच्या आधी व्होल्टेजचा मीटर लावून बघा (बासला हेडलाइट डिम होतात त्याबद्दल)

आधी प्रश्न परत मांडतो म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमच्या गाडीत सबवूफरला (खोल बासचा स्पीकर) १००० वॉट आरएमएसचा (सलग देता येणारी पॉवर) क्लास डी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा, वीज कमी वाया घालवणारा अ‍ॅम्प आहे, दारातल्या स्पीकर्सना ७५ गुणिले ४ वॉटचा फोर चॅनल अ‍ॅम्प आहे, अल्टरनेटर गाडीबरोबर आलेला ९० अँपिअरचा आणि केबल किटमधली, जिच्यावर ४ गेज (तारेच्या जाडीचं माप) छापलंय. रात्री गाडी चालवताना प्रत्येक बासला हेडलाइट डिम होतात. शिवाय सुट्टीच्या दिवशी इंजिन बंद ठेवून तास-दोन तास गाणी ऐकली की नंतर सेल्फ घेत नाही, दोनदा धक्का मारावा लागला. फिटिंगवाला म्हणतोय डिकीत एजीएम बॅटरी (पाणी घालावं न लागणारी, बंद लेड-अ‍ॅसिड) टाकू, दोन्ही त्रास जातील. आणि तुम्ही विचारताय किती एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) घेऊ, आयसोलेटर (दोन बॅटऱ्या गरजेप्रमाणे वेगळ्या ठेवणारा) लागेल का.

माझं म्हणणं असं की हे दोन वेगळे आजार आहेत आणि दुसरी बॅटरी त्यातल्या एकाचंच औषध आहे. इंजिन बंद असताना ऐकायचं असेल तर हो, दुसरी बॅटरी टाका, त्यासाठीच ती असते. पण चालू गाडीत हेडलाइट डिम होतात त्यावर ती बहुतेक वेळा उपाय नाहीच, आणि कधी कधी तर दुखणं वाढवते. का ते सविस्तर सांगतो, कारण गेली पंधरा-सोळा वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय आणि डिकीत बॅटरी बसवूनही लाइट तसेच लुकलुकतात म्हणून आलेल्या गाड्या मी मोजायच्या सोडल्यात.

इंजिन चालू असताना गाडीतला सगळा करंट अल्टरनेटर देत असतो, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टला. बॅटरी त्या वेळी देत नसते, घेत असते. भरलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं स्वतःचं व्होल्टेज १२.६ च्या आसपास, एजीएमचं १२.८, म्हणजे लाइनचं व्होल्टेज घसरत घसरत तिथपर्यंत आल्याशिवाय बॅटरी म्हणावी तशी मदतीला येतच नाही. (नुकतीच चार्ज झालेली असेल तर १३ च्या जवळपासही थोडंफार देते, पण ते पहिल्या काही बीट्सपुरतं.) आता हेडलाइटचं बघा, हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार पटकन पडतो, १४.२ वरून १२.६ ला आलं की उजेड साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. म्हणजे तुमच्या डोळ्यांना जे डिम होणं दिसतंय ते बहुतेक सगळं १४.२ ते १२.६ या पट्ट्यात घडतंय, आणि या पट्ट्यात डिकीत एक काय तीन बॅटऱ्या ठेवल्या तरी त्या मुख्यतः बघत बसणार.

आणि बॅटरी जो करंट देते तो उसनवारीचा असतो. बासला दिलेले अँपिअर पुढच्या क्षणाला अल्टरनेटरकडून परत मागते, आणि लेड-अ‍ॅसिडमध्ये दिलं तेवढंच घालून भागत नाही, थोडं जास्तच घालावं लागतं. अल्टरनेटरलाच आधी ओढाताण होत असेल तर घरात खाणारं आणखी एक तोंड वाढलं, दुसरं काही नाही.

तुमचा हिशोब मांडून बघू. १००० वॉटचा क्लास डी अ‍ॅम्प ८० टक्के एफिशियन्सी धरली तर १२५० वॉट ओढणार, १३.५ व्होल्टला ते होतात ९३ अँपिअरच्या आसपास. फोर चॅनल क्लास एबी (क्लास डी पेक्षा जास्त वीज वाया घालवणारा प्रकार) असेल तर ३०० वॉटसाठी ५०० वॉट ओढतो, आणखी ३७ अँपिअर. एकूण १३०. आकडा बघून घाबरू नका, कारण हा फुल पॉवरवर सलग टोन वाजवला तरचा आहे, गाण्यात बास सलग नसतो, सरासरी काढली तर एक तृतीयांश किंवा त्याहून कमी पडते, म्हणजे ४०-४५ अँपिअर. त्यात गाडीचं स्वतःचं, हेडलाइट, एसीचा ब्लोअर, रेडिएटर फॅन, फ्युएल पंप, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिळून ३० ते ४० धरा. झाले ७०-८५. तुमचा अल्टरनेटर ९० चा, पण तो ९० देतो इंजिन फिरत असताना, आयडलिंगला त्याच्या निम्म्याच्या आसपासच समजा, आणि बॉनेटखाली तापला की अजून खाली येतो. म्हणजे हायवेला सरासरी कशीबशी भागते, सिग्नलला थांबलात की भागत नाही. म्हणून सांगा, डिम होणं सिग्नलला जास्त दिसतं की चालत्या गाडीतही तेवढंच? यावर बरंच अवलंबून आहे. फक्त आयडलिंगला होत असेल तर अल्टरनेटर कमी पडतोय. रेस दिली तरी तसंच होत असेल तर माझा पहिला संशय केबल आणि अर्थिंगवर (करंट बॉडीतून निगेटिव्हकडे परत जातो ती वाट).

त्या ४ गेजच्या केबलबद्दल जरा थांबून बोलतो कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. खऱ्या ४ गेजमध्ये २१ स्क्वेअर एमएम तांबं असतं. किटमधल्या केबलचं रबर जाड असतं आणि आतली तार बारीक, शिवाय तार तांब्याची नसून अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, जिला सीसीए म्हणतात. टोकाला ब्लेडने एक तार खरवडून बघा, आतून चंदेरी निघाली तर सीसीए. तिचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त. बॉनेटपासून डिकीपर्यंत ५ मीटर धरले तर खऱ्या तांब्याच्या २१ स्क्वेअरमध्ये १०० अँपिअरला साधारण ०.४ व्होल्ट पडतात. आतली तार प्रत्यक्षात १३ स्क्वेअरची आणि सीसीए असेल तर तेच १ व्होल्टच्या वर जातं. आणि हे नुसतं पॉझिटिव्हचं झालं, परत येताना बॉडीतून, अर्थच्या बोल्टमधून येतं ते वेगळं. म्हणजे अल्टरनेटर १४ देतोय आणि अ‍ॅम्पला पोचतंय १२.४, बाकीचं वाटेत गरम होऊन गेलं.

एक गाडी सांगतो. डिकीत आधीच दुसरी बॅटरी होती, बसवून आठ महिने झालेले, मालक आला तो तिसरी टाकायची का विचारायला कारण लाइट तसेच मिणमिणत होते. मी गाणं चालू ठेवायला सांगितलं, मीटरचा काळा प्रोब पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर धरला आणि लाल प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीला टेकवला. तिथे खरं तर काहीच दिसायला नको, फार तर ०.१ व्होल्ट. बासला आकडा जात होता ०.७ वर. खाली वाकून बघितलं तर इंजिन आणि चासी यांच्यामधली जाळीची अर्थ पट्टी अर्धी तुटलेली, उरलेल्या तारा हिरव्या पडलेल्या, आणि चासीकडचा लग (केबलच्या टोकाची धातूची रिंग) पेंटवरच आवळलेला, वॉशरच्या कडेने गंजाचा तपकिरी गोल. पट्टी काढली, पेंट खरवडून पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला, ५० स्क्वेअरची तांब्याची केबल नवीन लग क्रिम्प करून लावली, वरून पेट्रोलियम जेली. परत प्रोब लावले, ०.०८. अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर बासला १२.४ दिसत होतं तिथे १३.३ दिसायला लागलं. आणि डिकीतली ती दुसरी बॅटरी रात्रभर सोडवून ठेवली, सकाळी मोजली तर १२.१, म्हणजे जेमतेम अर्धी. आठ महिने तिच्यापर्यंत पुरेसं चार्जिंग व्होल्टेज पोचतच नव्हतं, बिचारी अर्धपोटी काम करत होती आणि अर्धवट भरलेल्या लेड-अ‍ॅसिडवर सल्फेट धरतं, ते नंतर निघत नाही. ती बॅटरी फुकट गेली याचं मला आजही वाईट वाटतं कारण दोष तिचा नव्हता.

म्हणून तुम्ही काहीही विकत घ्यायच्या आधी हे करा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मेन बॅटरीचं व्होल्टेज बघा, १२.६ असेल तर पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर बघायला सांगा, १० च्या खाली जात असेल तर आधी ती बॅटरीच तपासून घ्या, म्हातारी झालेली असू शकते. मग इंजिन चालू करून, हेडलाइट लावून, तुम्ही नेहमी ऐकता त्याच आवाजाला तेच गाणं लावा आणि तीन ठिकाणी मोजा: अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलवर, बॅटरीवर आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर. एकदा आयडलिंगला आणि एकदा २००० आरपीएमला. पंखा आणि बेल्टपासून हात आणि वायरी लांब ठेवा, आणि मीटरला मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारा मोड) असेल तर तो लावा कारण साधा डिस्प्ले बासच्या वेगाने बदलत नाही. अल्टरनेटरवरच व्होल्टेज १२.५ ला येत असेल तर तो दमलाय. अल्टरनेटरवर १४ आणि अ‍ॅम्पवर १२.५ तर वाटेत गळतंय, आणि कुठे गळतंय ते प्रोब दोन्ही टोकांना लावून तुकड्या-तुकड्याने शोधता येतं, बॅटरी पॉझिटिव्ह ते अ‍ॅम्प पॉझिटिव्ह, अ‍ॅम्प निगेटिव्ह ते बॅटरी निगेटिव्ह, असं.

वाटेत गळत असेल तर उपाय म्हणजे आम्ही ज्याला बिग थ्री म्हणतो तो. अल्टरनेटर पॉझिटिव्ह ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते चासी आणि इंजिन ते चासी, या तीन केबल जाड तांब्याच्या करायच्या. जुन्या काढायच्या नाहीत, नवीन त्यांच्या जोडीला लावायच्या. पॉझिटिव्हवाल्या नव्या केबलला फ्यूज हवाच. हे करून आणि अ‍ॅम्पची केबल बदलून तुमच्याएवढ्या सिस्टिमचा डिम होण्याचा त्रास बऱ्याचदा सहन होण्याइतका कमी होतो. पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही, आयडलिंगला अल्टरनेटर कमी पडतोय तेवढं उरेलच, त्याला मोठा अल्टरनेटर हाच खरा उपाय.

अजून एक, बास बूस्टचा नॉब बघा. ६ डीबी बूस्ट म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला चौपट पॉवर, १२ डीबी म्हणजे सोळापट. अ‍ॅम्प तेवढी देऊ शकत नाही, क्लिप होतो (लाटेची टोकं कापली जातात), आणि करंट मात्र ओढत राहतो. नॉब शून्यावर आणून गेन (अ‍ॅम्पच्या इनपुटची पातळी) नीट सेट करा, फुकटात काही अँपिअर वाचतील. आणि कुणी कपॅसिटर सुचवला तर १ फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १३ व्होल्टला येईपर्यंत साधारण १३.५ ज्यूल देतो, १००० वॉटला ते १३-१४ मिलिसेकंद पुरतात, ५० हर्ट्झच्या बासची एक लाटसुद्धा २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे तोही पुरत नाही.

आता दुसरा आजार, इंजिन बंद ठेवून ऐकणं. इथे दुसरी बॅटरी घ्या असंच सांगेन, आणि आयसोलेटरसकट घ्या, कारण तुमची खरी गरज सेल्फ मारायला मेन बॅटरी शाबूत राहावी ही आहे. बेताच्या आवाजात दोन्ही अ‍ॅम्प आणि हेड युनिट मिळून सरासरी १०-१२ अँपिअर घेतील असं धरा. ६० एएचची बॅटरी घेतली तर त्यातले निम्मेच वापरायचे, ३० एएच, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य भराभर घटतं, एजीएम असली तरी. एएचचा आकडा हळूहळू २० तासांत रिकामी करून काढलेला असतो, जास्त करंटला तेवढी मिळत नाही, म्हणून तुमच्या आवाजाला दोन तासांच्या आसपास धरा. जोरात ऐकणार असाल तर तासभरही नाही.

पण जे वापरलं ते परत भरणार कधी, याचा विचार बसवणारा कधी सांगत नाही. ३० एएच काढले तर ३५ च्या आसपास घालावे लागतात. चालत्या गाडीत तुमच्या अल्टरनेटरकडे गाणी बेताने वाजत असताना २० अँपिअर शिल्लक आहेत असं समजू, म्हणजे रोज २० मिनिटं गाडी चालवली तर जेमतेम ७ एएच. आणि ८० टक्क्यांनंतर लेड-अ‍ॅसिड हळूहळूच घेते, घाई करून उपयोग नसतो. आठवडाभर जवळच्या जवळ फिरलात तर पुढच्या सुट्टीपर्यंत ती भरलेलीच नसेल. म्हणून रोजचं चालवणं कमी असेल तर दर सुट्टीनंतर रात्रभर चार्जर लावायची तयारी ठेवा, चार्जरवर एजीएमचा मोड असलेला बघून घ्या. ती तयारी नसेल तर दुसरी बॅटरी वर्षभरात मरेल, स्पष्टच सांगतो.

आयसोलेटरमध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले घ्या, व्हीएसआर म्हणतात त्याला. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या खाली आलं की सोडतो. डायोडवाला जुन्या पद्धतीचा घेऊ नका, त्यात अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो आणि मागची बॅटरी कायम उपाशी राहते. रिलेचं रेटिंग सलग करंटचं बघा, क्षणिक नाही, तुमच्यासाठी १५० च्या खाली जाऊ नका. मात्र गाडी नवीन असेल आणि अल्टरनेटर इसीयू चालवत असेल तर वेगळं प्रकरण आहे, त्या गाड्यांत चालता चालता व्होल्टेज मुद्दाम १२.५ च्या आसपास आणतात, मग व्हीएसआर सारखा लागतो-सुटतो. तिथे डीसी टू डीसी चार्जर (पुढचं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी मागची बॅटरी नीट भरणारा) लागतो, पण तो २०-४० अँपिअरच देतो हे ध्यानात ठेवा, जोरात वाजवलंत तर मागची बॅटरी चालत्या गाडीतही रिकामी होत जाईल. ओळखायचं कसं, तर बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर आणि त्यातून निघालेली बारीक वायर दिसते का बघा. दिसली तर तुमचा कुठलाही नवा अर्थ बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर थेट लावू नका, चासीला लावा, नाहीतर तो करंट सेन्सर मोजणारच नाही आणि गाडी चार्जिंगचा हिशोब चुकवेल.

आयसोलेटर न लावता दोन्ही कायम समांतर जोडायच्या असतील तर एकाच जातीच्या, एकाच वयाच्या, आणि जोडायच्या आधी दोन्ही पूर्ण चार्ज केलेल्या हव्यात. पुढे जुनी आणि मागे नवी असं केलं की नवी जुनीला पोसत बसते. लिथियमचा मोह होईल, हलकी असते, व्होल्टेज धरून ठेवते, पण रिकामी असताना इतका करंट ओढते की तुमचा ९० चा अल्टरनेटर जळू शकतो, सध्या नको.

सुरक्षेचं मात्र माझ्यासाठी तडजोड न करण्याचं आहे. दोन बॅटऱ्यांमधल्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज, प्रत्येक बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत. एका टोकाला लावून चालत नाही कारण आता दोन्हीकडून करंट येऊ शकतो. मध्येच कुठे केबल पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर बॅटरी हजारावर अँपिअर सहज देते, रबर पेटायला काही सेकंद पुरतात. फ्यूज केबलच्या जाडीवरून ठरवायचा, अ‍ॅम्पच्या वॉटवरून नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जाताना ग्रोमेट (भोकातली रबरी रिंग) हवाच. डिकीत साधी पाणी घालायची बॅटरी ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, एजीएमच ठेवा. आणि ती बोल्टने चासीला आवळा, वेलक्रो किंवा प्लास्टिकच्या पट्टीने नाही, १५ किलोहून जड वस्तू आहे, जोरात ब्रेक मारला तर मागच्या सीटवरच्या माणसावर येईल. अर्थसाठी सीट बेल्टचा बोल्ट वापरणारे बघितलेत मी, तो बोल्ट कधीच उघडू नका. काम करताना आधी निगेटिव्ह काढायचा आणि लावताना शेवटी लावायचा, म्हणजे पान्हा चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

तेव्हा तुमचा क्रम असा ठेवा, आधी मीटर, मग अर्थिंग आणि केबल, मग बास बूस्ट आणि गेन, आणि त्यानंतर इंजिन बंद ठेवून ऐकण्यासाठी ६० एएचची एजीएम व्हीएसआरसकट. आयडलिंगचा त्रास तरीही उरला आणि तुम्हाला तो खुपत असेल तर मोठा अल्टरनेटर.

ते सहा आकडे, म्हणजे तीन ठिकाणचे, आयडलिंगला आणि २००० ला, मोजले की लिहा. सोबत केबल खरवडल्यावर आतून तांबूस निघाली की चंदेरी, आणि निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सर आहे की नाही तेही सांगा. मग कुठली केबल किती स्क्वेअरची आणि फ्यूज किती अँपिअरचा ते तुमच्या गाडीपुरतं नेमकं सांगता येईल.